नॉर्वेजियन वुडची सतार आणि टेपवरची उरलेली दहा मिनिटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण साठ वर्षांतल्या शंभर रॉक-पॉप गाण्यांची यादी दिलीत. मराठी पेपरात या गाण्यांना अख्खं पान मिळालेलं बघून बरं वाटलं. चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. पण सातव्या नंबरावर अडखळलो. बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मधली सतार पंडित रविशंकरांनी वाजवली, असं तिथं छापलंय. ती त्यांची नाही. ती बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनने वाजवली, १९६५ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या एका दुकानातून स्वस्तात घेतलेल्या सतारीवर. रविशंकरांशी त्याची भेट झाली १९६६ च्या जूनमध्ये, आणि त्याच सप्टेंबरात तो शिकायला म्हणून मुंबईत येऊन राहिला. कृपया दुरुस्ती छापावी.

एवढंच लिहून पत्र टाकणार होतो. पण मी पडलो मिरजेचा. सतारीचा विषय निघाला की आमचं पोस्टकार्डात भागत नाही.

१९८१ ची गोष्ट. टेलिफोन खात्यात लागून दोन वर्षं झाली होती आणि पगारातून पैसे साठवून मी टू-इन-वन घेतला होता. खात्याच्या कामाला मुंबईला गेलो की कॅसेटी भरून देणाऱ्या एका दुकानात यादी टाकून यायचो आणि पुढच्या खेपेला माल उचलायचो. पहिली कॅसेट नव्वद मिनिटांची. साईड ए ला बीटल्सचा 'रबर सोल', साईड बी ला 'रिव्हॉल्व्हर'. दोन्ही अल्बम पस्तीस-पस्तीस मिनिटांचे, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं टेप कोरी उरणार. दुकानदार सचोटीचा. गिऱ्हाइकाला कोरी टेप देणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्यानं उरलेल्या जागेत बोनी एम या डिस्को बँडची गाणी भरून दिली. त्यामुळं 'रिव्हॉल्व्हर'चं शेवटचं गाणं, 'टुमॉरो नेव्हर नोज', विरत विरत संपलं की लगेच त्यांचं 'रासपुतीन' सुरू व्हायचं. त्यानंतर आणखी एक गाणं, तेही अर्धंच. टेप संपली तिथं खटकन बटण वर.

ती कॅसेट घेऊन मी सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या एका चाचांच्या दुकानात माझं लहानपणापासून जाणं-येणं होतं. दुकान म्हणजे एक खोली; वर आढ्याला पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. चाचा घोडी मांडीवर घेऊन जवारी काढत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी अगदी केसाएवढी घासत घासत आणायची, म्हणजे तार तिला नेमकी तेवढीच चाटून जाते आणि सूर खुलतो. तासन् तास चालतं ते काम. मी टू-इन-वन ओट्यावर ठेवला आणि 'नॉर्वेजियन वुड' लावलं.

चाचांनी कानस थांबवली. "मागं घे," म्हणाले. घेतलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "सतार बाजारातली हाय. जवारी काढलेलीच न्हाई नीट. पोरगं मात्र सुरात हाय."

ती सतार स्वस्तातली होती हे मला कित्येक वर्षांनी वाचायला मिळालं. चाचांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि बीटल्स हे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गोष्ट इथं संपत नाही. मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात त्यांनी कॅसेट उलटून लावली आणि जवारी काढत काढत अख्खी साईड बी ऐकली. 'टुमॉरो नेव्हर नोज' लागलं तसे म्हणाले, "खाली तंबोरा हाय बघ." मी ते गाणं पन्नासदा तरी ऐकलेलं. तंबोरा काही मला कधी ऐकू आला नव्हता. कान लावला, तर खरंच, सुरुवातीलाच तंबोरा, आणि त्या एका षड्जावर सगळं गाणं उभं. त्यानंतर 'रासपुतीन' सुरू झालं आणि चाचांनी मान वर केली. "आता ह्यो कोण घुसला?"

संपादक महोदय, माझं आपल्या यादीबद्दल म्हणणं एवढंच आहे. चाचांना जे पहिल्याच खेपेला कळलं ते आपल्या यादीत कुठं दिसत नाही. आपण शंभर गाणी निवडलीत, ती कुठल्या घरातली हे बघितलं नाहीत. पारंपरिक मैफलीत भैरवी आधी आणि बडा ख्याल मागून, असं कुणी करत नाही. केलं तर लोक चपला शोधायला लागतील. अल्बमचंही तसंच असतं. 'रिव्हॉल्व्हर'साठी सगळ्यात आधी ध्वनिमुद्रित झालं ते 'टुमॉरो नेव्हर नोज', ६ एप्रिल १९६६ ला. ठेवलं मात्र चौदावं, शेवटी. त्याच्यानंतर काही टिकलंच नसतं (बोनी एमची क्षमा मागून). अमेरिकेतल्या कंपनीनं चौदातली तीन गाणी वगळून तिथं अकरांचाच अल्बम विकला. आमचा मुंबईचा दुकानदार त्यापेक्षा बरा. त्यानं वाढवलं तरी, कापलं नाही.

याच अल्बमवरची आणखी एक गंमत मला पुढं मुंबईत काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डांच्या दुकानात कळली. भरून घेतलेल्या कॅसेटला मुखपृष्ठ नसतं, पाठीवर काही छापलेलं नसतं. तिथं मूळ एल.पी. हातात घेऊन उलटी केली तर 'लव्ह यू टू' या चौथ्या गाण्यासमोर छापलेलं : अनिल भागवत, तबला. भागवत! बाहेरच्या वादकाचं नाव पाठीवर छापायची तेव्हा पद्धत नव्हती. 'एलिनॉर रिग्बी'ला चार व्हायोलिनं, दोन व्हियोला, दोन चेलो आहेत. त्या आठांतल्या एकाचंही नाव तिथं नाही. भागवतांचं आहे. घरी येऊन सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "कुठले भागवत? कोल्हापूरचे का?"

ऱ्हिदम हाऊसच्या ऐकायच्या खोपट्यात उभं राहून मी जोनी मिचेलचा 'ब्लू' ऐकला. १९७१ चा. दहा गाणी, एक बाई, पियानो, गिटार आणि मांडीवर घेऊन वाजवायचं डल्सिमर नावाचं वाद्य. घ्यायचा नव्हता, नुसता ऐकायचा होता. दोन गाण्यांनंतर बाहेरच्या माणसानं काच वाजवली, तरी मी निघालो नाही. सत्तरच्या दशकातला माझा पहिला नंबर हाच. आपल्या यादीत जोनी मिचेलचं एकही गाणं नाही, हे मी सौजन्यानं विसरतो.

पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) बद्दल नवीन मी काय सांगणार? छातीच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांनीच संपतो, त्रेचाळीस मिनिटं, नव्वदच्या टेपच्या एका बाजूला चपखल. दुकानदाराला तिथं काही घुसडायला जागाच मिळाली नाही. क्वीनचा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९७५) घेतो तो निम्मा गाण्यांसाठी आणि निम्मा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून. पाचगणी आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, तेवढा पक्षपात चालायचा. फ्लीटवुड मॅकचा 'रुमर्स' सगळ्यांच्या यादीत असतो, माझ्या नाही. चांगला आहे, पण फार गुळगुळीत.

ऐंशीच्या दशकात मात्र मला थांबायचंय. आपण तिथं 'थ्रिलर'मधली तीन गाणी घेतलीत. हरकत नाही, मायकेल जॅक्सनला कोण नको म्हणेल? पण 'थ्रिलर' आला त्याच वर्षी, १९८२ ला, दोनेक महिने आधी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' आला होता. मी माझ्या उभ्या नोकरीत आवाज, खरखर आणि लेव्हल यांच्याशीच झटापट केली, म्हणून या अल्बमवर माझा जरा जास्त जीव आहे. झालं असं की स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या घरी बसून गाणी टेप केली, पुढं बँडला ऐकवायला म्हणून. यंत्र म्हणजे चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, पोर्टास्टुडिओ. आपण कॅसेट उलटून दोन बाजू वाजवतो. यात उलटायची भानगड नाही. दोन्ही बाजूंचे मिळून चारही पट्टे एकाच दिशेनं चालतात आणि फितही दुप्पट वेगानं पळते. एका पट्ट्यावर आवाज, दुसऱ्यावर गिटार, उरलेल्या दोनांवर हार्मोनिका, घुंगरू, जे सुचेल ते. ती कॅसेट तो कव्हर न घालता पॅन्टच्या खिशात घेऊन हिंडत होता. नंतर स्टुडिओत अख्खा बँड बसवून तीच गाणी पुन्हा केली, तर कॅसेटमधला तो एकटेपणा काही येईना. शेवटी खिशातल्या कॅसेटवरूनच रेकॉर्ड काढली. लेव्हल इतकी कमी होती की तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. हे वाचलं तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होतो आणि मोठ्यानं हसलो होतो.

आता याच्या जोडीला आपल्याकडचा. १९८६ च्या दिवाळीनंतर मी आणि सौ. मीटरगेजच्या गाडीनं मिरजेहून गोव्याला गेलो; लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत. म्हापशाच्या बाजारात एका दुकानात पोर्तुगीज गाणी आणि तियात्रांच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या, कॅसेटींच्या रांगेत एक वेगळीच कॅसेट दिसली : 'गोअन क्रेझी!', रेमो फर्नांडिस. १९८४ ची. शिवोलीच्या या माणसानं मुंबईत जे.जे.ला आर्किटेक्चर केलेलं. कुणी कंपनी घेईना म्हणून घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, सगळे आवाज स्वतः गाऊन अल्बम केला. कव्हरही स्वतःच काढलं. आणि मग स्कूटरवर कॅसेटी लादून गोवाभर दुकानोदुकानी नेऊन दिल्या. मी दुकानदाराला विचारलं, "कुठल्या कंपनीची?" तो म्हणाला, "कंपनी कसली? तो स्वता हाडून दिता."

हल्ली 'इंडी' हा शब्द कुणीही कशालाही लावतं. चार मोठ्या जाहिराती ज्याच्या मागं आहेत त्यालाही. मी तो शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढं ती स्कूटर येते. 'नेब्रास्का' आणि 'गोअन क्रेझी!' यांत दोन वर्षांचं आणि दोन समुद्रांचं अंतर. एक अंधारा, दुसरा ऊन पडल्यासारखा. एकात माणसं मृत्युदंडाच्या विजेच्या खुर्चीकडं चाललेली, दुसऱ्यात गोव्याची टिंगल आणि लाड एकाच दमात. पण दोन्हीत तीच खरखर, तेच चार पट्टे, आणि पाचव्या माणसाला वावच नाही.

नव्वदच्या दशकात मी संसारी माणूस. निर्वाना बँडचं 'नेव्हरमाइंड' (१९९१) ऐकलं, वयाला उशिरा आलं. मुंबईच्या रॉक मशीन या बँडचं १९८८ चं 'रॉक अँड रोल रेनेगेड' मला परक्याचे कपडे घातल्यासारखं वाटायचं. त्याच पोरांनी नाव बदलून १९९५ ला 'इंडस क्रीड' काढला तेव्हा ते कपडे त्यांच्या मापाचे झाले होते. महेश तिनईकरची गिटार त्यात ऐका.

पण या दशकातला माझा अल्बम इंग्लंडातला. १९९७ चा, कॉर्नरशॉप नावाच्या बँडचा, 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. लंडनच्या भाच्यानं सीडी पाठवली, सोबत चिठ्ठी : "मामा, दुसरं गाणं आपल्याकडचं आहे." होतंही तसंच. 'ब्रिमफुल ऑफ आशा' म्हणजे आशा भोसले. पंजाबी वंशाच्या तेजिंदर सिंगनं विलायतेत वाढताना ऐकलेल्या पार्श्वगायिकांवर आणि पंचेचाळीसच्या छोट्या तबकड्यांवर केलेलं गाणं. १९९८ च्या फेब्रुवारीत ते तिकडं पहिल्या नंबरावर गेलं, पण गेलं ते दुसऱ्यानं वेग वाढवून दिलेलं. मला मूळचं, रमतगमत चालणारं आवडतं. आशाताईंचा जन्म सांगलीचा. सांगली-मिरज सिटी बसनं ये-जा करणाऱ्या माणसाला हे गाणं ब्रिटनच्या रेडिओवर वाजतंय याचं काय वाटलं असेल, ते मी इथं लिहीत नाही. मिरजेचे लोक म्हणतील, सांगलीची एवढी स्तुती कशाला?

त्या सीडीवरचं शेवटचं गाणं लागलं आणि मी खुर्चीतून उठलो. 'नॉर्वेजियन वुड'. पंजाबीत. बत्तीस वर्षांनी, सतारीसकट. सीडी प्लेअर पिशवीत घातला आणि सतारमेकर गल्ली गाठली. चाचा तोवर गेले होते. त्यांच्या जागी, त्याच भोपळ्यांखाली, मुलगा बसायचा. त्याला आधी जुनं ऐकवलं, मग हे. त्यानं डोळे मिटून दोन्ही ऐकली. "ह्यांची जवारी बरी हाय," म्हणाला आणि कामाला लागला.

दोन हजारनंतरचं मी मुलीच्या आणि आता नातीच्या हातून ऐकतो. बोन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' मुलीनं दिला. विस्कॉन्सिनच्या थंडीत, वडिलांच्या जंगलातल्या खोपीत एकट्यानं बसून केलेला. २००७ ला त्यानं आधी स्वतःच काढला, कंपनी मागून आली. मला लगेच स्कूटर आठवली. डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला आला, १० जानेवारीला तो गेला. त्यानंतर तो अल्बम मी दोनदाच ऐकू शकलो. नात तेरा वर्षांची आहे, तिचं दैवत बिली आयलिश. २०१९ चा तिचा पहिला अल्बम भावाच्या, फिनियसच्या, झोपायच्या खोलीत झालाय हे कळल्यावर मी नातीला म्हापशाची कॅसेट दाखवली. ती म्हणाली, "आबा, म्हणजे हे तुमचे फिनियस." चालेल. बहिणीला गायला बसवून स्वतः बटणं दाबणारा तो पोरगा मला आवडतो.

तिच्याच फोनवर मी परवा 'डार्क साइड' लावायला सांगितला. फुकटातलं अ‍ॅप. कुठलं ते सोडा. आधी तिसरं गाणं लागलं, मग आठवं, मग कपड्यांच्या पावडरीची जाहिरात, आणि मग छातीचे ठोके. मी म्हटलं, अगं, हा माणूस आता कुठं जन्मतोय! तिनं मला शफल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी तिला रासपुतीनची गोष्ट सांगितली. अ‍ॅडेल नावाच्या गायिकेनं २०२१ च्या नोव्हेंबरात आपल्या '३०' या अल्बमच्या वेळी हाच आग्रह धरला, आणि स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटीसुलटी वाजवणारं बटण मागं घेतलं. तिचा अल्बम मी पुरता ऐकलेला नाही. तरी तिला नमस्कार.

२०१९ ला निवृत्त झालो त्या डिसेंबरात जावयांनी मला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू ऐकायला नेलं. १५ तारीख. त्या दौऱ्यात ते १९८७ चा 'जोशुआ ट्री' पहिल्यापासून अकराव्यापर्यंत, त्याच क्रमानं वाजवत होते. त्यातली गाजलेली तीन गाणी अल्बमच्या सुरुवातीलाच आहेत. ती झाली आणि आमच्या आजूबाजूची निम्मी मंडळी खायला-प्यायला उठली. साईड बी आम्ही मोकळ्या खुर्च्यांत पाय पसरून ऐकली. जावई म्हणाले, "मामा, ही गाणी मी कधी ऐकलीच नव्हती." त्यांच्याकडं तो अल्बम वीस वर्षं आहे.

तेव्हा एखाद्या रविवारी गाण्यांऐवजी अल्बमांची यादी छापावी ही विनंती. शंभर नकोत, वीस पुरेत. माझे वर आलेच आहेत. रेमो वगळलात तर पुन्हा पत्र येईल.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. काटछाट करायची झाली तर 'नेव्हरमाइंड'चं वाक्य काढा, 'रुमर्स'बद्दलचं काढलंत तरी वाईट वाटणार नाही. सतारीची दुरुस्ती मात्र राहू द्या, आणि परिच्छेद आहेत त्याच क्रमानं छापा.

आपला,
एक निवृत्त टेलिफोनवाला,
मिरज